गाडीत न्यूट्रल नसतो: सोलापुरातल्या एका घरगुती साउंड फिटिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडीमालक पंचेचाळिशीचे, राहायला जुळे सोलापुरात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन. थ्री फेज मोटर, स्टार्टर, पॅनेल हे त्यांचं रोजचं काम, आणि हात चांगला. गाडी २०१४ सालची सेकंड हँड हॅचबॅक, बेस मॉडेल. कंपनीने टेप दिलाच नव्हता. आधीच्या मालकाने कुठूनतरी यूएसबीचा साधा सिंगल डिन (एका खणाच्या उंचीचा) टेप आणि पुढच्या दारांत दोन स्पीकर बसवून घेतले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वायरींचे आणि मापांचे तपशील आहेत तसेच ठेवले.)

मी वाहनांच्या वायरिंगचं काम करतो. या प्रकरणात काम अडल्यावर मला बोलावलं गेलं, त्यामुळे सुरुवातीचा भाग मालक आणि त्यांचा भाचा या दोघांकडून ऐकलेला आहे. भाचा डिप्लोमाला आहे आणि मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे आला होता. साउंड बदलायचं खूळ त्याचंच.

अडचण काय होती

शहरात टेप बरा वाजायचा. पुण्याच्या रस्त्याला लागलं, काचा बंद करून ऐंशीच्या पुढे गेलं की टायरच्या आवाजात अभंगाचे शब्द बुडायचे. आवाज वाढवला की फाटायचा. मालकांना आवाज मोठाच लागतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, तिथे वीस वर्षं काढलेल्या माणसाचं ‘मध्यम’ आणि इतरांचं ‘मध्यम’ एक नसतं. ही गोष्ट पुढे निर्णयात महत्त्वाची ठरली.

दुसरी अडचण डॅशबोर्डच्या मागे होती आणि ती कोणालाच माहीत नव्हती. फ्रेम काढली तेव्हा दिसलं की आधीच्या फिटिंगमध्ये गाडीचा मूळ कपलर (वायरींचा प्लग) कापून टाकला होता. वायरी नुसत्या पिळून वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. सोलापूरच्या दोन-चार उन्हाळ्यांत त्या टेपचा डिंक वितळून सगळा जुडगा चिकट झाला होता आणि एका जोडावरून टेप सरकून तांबं उघडं पडलं होतं. ती वायर बॅटरीची कायम चालू लाइन होती, आणि टेपच्या वायरीतला फ्यूजही कोणीतरी काढून सरळ जोड दिला होता. आवाज फाटतो म्हणून डॅशबोर्ड उघडला, हे एका अर्थी बरंच झालं.

पुढ्यात असलेले पर्याय

सर्वात सोपा पर्याय शहरातल्या एका कार डेकोरच्या दुकानाने दिला होता: नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, चार स्पीकर, बेसट्यूब, फिटिंग फुकट. भाच्याचं मन त्याच्यावर होतं. मालकांनी विचारलं, “वायरी कापून जोडणार की कपलरवर?” उत्तर आलं, “काका, सगळे तसंच जोडतात.” तिथे हा पर्याय बारगळला. माझ्या मते तो इतकाही वाईट नव्हता. फिटिंगची पद्धत कागदावर ठरवून घेतली असती तर दुकानदाराची वॉरंटी मिळाली असती.

दुसरा पर्याय, फक्त स्पीकर बदलायचे. स्वस्त आणि एका सकाळचं काम. पण फाटणारा आवाज स्पीकरचा होता की टेपचा? इथे मालकांनी जे केलं ते मला फार आवडलं. टेपवर ‘५० वॅट गुणिले ४’ असं छापलेलं होतं. त्यांनी स्वतः हिशोब मांडला. अशा टेपमध्ये व्होल्टेज वाढवणारी सोय नसते. इंजिन चालू असताना मिळतात ते साधारण १४.४ व्होल्ट, तेवढ्यावरच सगळा खेळ. म्हणजे स्वच्छ साइन लहरीचं शिखर फार तर १४.४, आरएमएस, म्हणजे ताकदीच्या हिशोबात धरायचं परिणामी व्होल्टेज, जेमतेम १० व्होल्ट. ४ ओहमच्या स्पीकरवर होतात २५ वॅट, आणि आतली गळती धरली तर अठरा-वीस. मग ५० कुठून आले? लहर पूर्ण कापली जाऊन चौकोनी झाली की १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ५२. छापलेला आकडा हा पूर्ण फाटलेल्या आवाजाचा आकडा आहे. घरातले २३० व्होल्ट म्हणजे आरएमएस आणि त्याचं शिखर ३२५, हे ज्याला पाठ आहे त्याला हे पटायला वेळ लागला नाही. त्यांना हवा तेवढा आवाज कोणत्याही टेपच्या पोटातून स्वच्छ निघणार नव्हता. फक्त स्पीकर बदलून पैसे वाया गेले असते.

म्हणून तिसरा पर्याय ठरला: बटण फिरवून आवाज कमी-जास्त करता येईल असा ब्लूटूथचा टू डिन (दुप्पट उंचीचा) टेप, पुढे साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर आणि उंच सुरांसाठी वेगळे छोटे ट्वीटर, मागच्या दारांत ट्वीटर आतच असलेले साधे कोअ‍ॅक्सिअल, आणि आरएमएस ५० वॅट प्रति चॅनेलचा फोर चॅनेल अ‍ॅम्प्लिफायर. काम घरीच, दोन टप्प्यांत. आधी टेप आणि स्पीकर, ते नीट वाजले की अ‍ॅम्प. टप्पे पाडण्याची कल्पना मालकांची. नवीन पॅनेल ते असंच चालू करतात. अँड्रॉइडवरून मामा-भाच्यात थोडं वाजलं. “मामा, आता बटणाचा टेप कोण लावतंय?” “गाडी चालवताना बटण न बघता सापडतं बे. स्क्रीनकडे बघायला लागतं.” विषय संपला.

पहिला टप्पा: टेप आणि दारं

बॅटरीची निगेटिव्ह दहा नंबरच्या पान्याने काढून काम सुरू झालं. बेस मॉडेल असल्याने एअरबॅग नव्हती. ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबावं आणि पिवळ्या आवरणाच्या वायरींना किंवा पिवळ्या कपलरला हात लावू नये.

नव्या टेपच्या वायरींचे रंग बाजारात बहुतेक ठरलेले असतात. पिवळी कायम बॅटरी, लाल चावीनंतरची, काळी बॉडी. पुढचा डावा स्पीकर पांढऱ्या जोडीवर, उजवा करड्या. मागचा डावा हिरव्या, उजवा जांभळ्या. ज्या वायरीवर काळी रेघ ती निगेटिव्ह. निळी-पांढरी वायर अ‍ॅम्प चालू करण्यासाठी. पण गाडीच्या बाजूचे रंग कंपनीनुसार बदलतात, आणि इथे तर कपलरच शिल्लक नव्हता. मालकांनी अंदाजाने एकही जोड दिला नाही. मीटर लावून कायमची लाइन, चावीची लाइन आणि बॉडी शोधली. स्पीकरच्या जोड्या दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून ओळखल्या. खर्र आवाज ज्या दारातून आला तो स्पीकर. कागद बाहेर ढकलला गेला तर सेलचं पॉझिटिव्ह ज्या टोकाला ते पॉझिटिव्ह, आत गेला तर उलट. जोड सोल्डर केले, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली आणि जुडग्याला कापडी टेप. पिवळ्या वायरीत फ्यूज परत आला. इथपर्यंतचं काम एखाद्या चांगल्या वर्कशॉपला लाजवेल असं होतं.

दारात दोन गोष्टी जपल्या गेल्या, एक राहून गेली. नवीन स्पीकरचं मॅग्नेट खोल असतं, म्हणून काच पूर्ण खाली घेऊन ती घासत नाही हे आधी पाहिलं आणि प्लास्टिकचे स्पेसर टाकले. एमडीएफचे (लाकडाच्या भुश्याच्या फळीचे) स्पेसर स्वस्त मिळतात, पण दाराच्या आत पावसाचं पाणी उतरतंच आणि एमडीएफ फुगतं. दुसरं, पत्र्याचा कंप मारायला भाच्याने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा उरलेला डांबरी पट्टा काढला होता. मामांनी तो नाकारला. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या दाराला हात लावून पाहिला असेल त्याला कारण सांगायला नको. डांबर मऊ होतं, घसरतं, आणि आत वास धरून बसतो. ब्यूटाइल रबराचे पट्टे महाग पडले तरी तेच घेतले. राहून गेलेली तिसरी गोष्ट पुढे येईल.

अडलं कुठे

मागच्या दारांत बेस मॉडेलला स्पीकरच्या वायरी नव्हत्याच. खांब आणि दार यांच्यामधल्या रबरी नळीतून त्या ओवायच्या होत्या. उन्हात, मान वाकडी करून, दोघांनी मिळून एक वायर पार केली. दुसरी काही केल्या जाईना. तेव्हा मालकांनी निर्णय घेतला की एकच वायर पुरे, निगेटिव्ह दारातच बॉडीला द्यायचं. गाडीत दिव्यांपासून हॉर्नपर्यंत परतीचा रस्ता बॉडीच असतो, मग स्पीकरला वेगळी वायर कशाला? कारखान्यातल्या भाषेत सांगायचं तर बॉडी हा न्यूट्रल.

टेप चालू केला. पुढचे स्पीकर सुरेख वाजले. मागच्यांतून एक क्षण आवाज आला आणि सगळंच बंद पडलं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. टेपची पाठ हात लावू देईना इतकी तापलेली. भाच्याचं निदान ‘पीस खराब आला’. ऑनलाइन परत पाठवायची तयारीही झाली होती. त्याआधी मला फोन आला.

मी मागच्या स्पीकरच्या वायरी बॉडीपासून सोडवायला सांगितल्या, टेप चालू केला आणि मीटर मालकांच्याच हातात दिला. स्पीकरच्या एका वायरीपासून बॉडीपर्यंत सुमारे ६ व्होल्ट डीसी. काळी रेघ असलेल्या, म्हणजे ‘निगेटिव्ह’ वायरीपासून बॉडीपर्यंतही सुमारे ६. दोन वायरींमध्ये मात्र शून्य. त्यांनी आकडे दोनदा पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे यात न्यूट्रल नाहीच. दोन्ही फेज!”

अगदी तसंच आहे. १४ व्होल्टच्या आत जास्तीत जास्त ताकद काढायची म्हणून टेपमधली आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, स्पीकरची दोन्ही टोकं चालवते. दोन्ही अर्ध्या व्होल्टेजवर टांगलेली असतात, एक वर गेलं की दुसरं खाली येतं. त्यातलं एक टोक बॉडीला लावणं म्हणजे सरळ शॉर्ट. संरक्षणाची सोय असल्याने या टेपची आयसी वाचली, दरवेळी वाचेलच असं नाही. निगेटिव्ह वायरी एकत्र बांधणं हाही तोच प्रकार, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्यांचं वायरिंग वापरणाऱ्यांच्या हातून तो हमखास होतो, कारण जुन्या टेपमध्ये सामाईक निगेटिव्ह चालत असे.

दुसरी वायर ओवायला सायकलच्या ब्रेकची जुनी केबल आणि थोडं साबणाचं पाणी पुरलं. दोन्ही दारं संध्याकाळपर्यंत वाजली.

दुसरा टप्पा: अ‍ॅम्प्लिफायर

अ‍ॅम्प ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली बसवायचा ठरला. बॅटरीपासून तिथपर्यंत वायर लागणार होती जवळजवळ ५ मीटर, आणि कारखान्यातून जुन्या कामातली ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घरी पडून होती. अ‍ॅम्प पूर्ण जोरात चालला तर २०० वॅट बाहेर, कार्यक्षमता ६० टक्के धरली तर बॅटरीकडून सुमारे २४ अँपिअर. घरात ही वायर २४ अँपिअर सहज वाहते. मोह साहजिक होता.

पण या वेळी त्यांनी आधी हिशोब केला. ४ चौरस मिलिमीटर तांब्याचा विरोध मीटरला ४.६ मिलिओहम. ५ मीटरला २३. गुणिले २४ अँपिअर म्हणजे अर्ध्या व्होल्टहून जास्त वायरीतच खर्च. २३० व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट कोणी मोजत नाही, १३.८ मध्ये तो ४ टक्के होतो, तोही नेमका ठेका पडतो त्या क्षणी. ८ गेजची वायर घेतली, म्हणजे साधारण ८.४ चौरस मिलिमीटर. बाजारात याच गेजची अर्ध्या किमतीची ‘अ‍ॅम्प किट’ मिळतात. त्यांच्या वायरीची एक काडी ब्लेडने खरवडून पाहावी. आत रुपेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, त्याच जाडीला विरोध सुमारे दीडपट. मालकांनी दुकानातच खरवडलं. दुकानदाराला ते आवडलं नाही.

फ्यूजच्या जागेवरूनही चर्चा झाली. भाच्याचं म्हणणं, सीटखाली अ‍ॅम्पजवळ ठेवू, बदलायला सोपा. मामांनी एका वाक्यात निकाली काढलं: “एमसीबी बोर्डावर असतो, पंख्यापाशी नाही.” फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. इंजिनच्या भिंतीतून जाताना वायर कुठे घासली तर बॅटरीपासून तिथपर्यंतचा सगळा तुकडा पेटतो, आणि सीटखालचा फ्यूज शाबूत राहतो. ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसला, भिंतीतल्या भोकाला रबरी ग्रोमेट लागला.

मग दुसरा प्रश्न उभा राहिला. संगीत सुंदर, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की त्याच्याबरोबर चढणारी ‘कूंऽऽ’ अशी शिट्टी. हा अल्टरनेटरचा आवाज. भाच्याने नॉइज फिल्टर मागवू म्हटलं. तो कधी कधी चालतो, पण स्वस्तातले फिल्टर बेस खातात आणि मूळ दोष झाकला जातो. अ‍ॅम्पची अर्थिंग सीटच्या बोल्टला दिली होती. कारखान्यात अर्थिंगची पट्टी जिथे सोयीची तिथे जोडतात, तोच हिशोब. पण घरातल्या अर्थिंगमधून रोजचा करंट वाहत नसतो. इथे सगळे २४ अँपिअर त्याच बोल्टातून परत जाणार होते, आणि बोल्टाखाली रंगाचा जाड थर होता.

इंजिन चालू, गाणं जोरात, मीटरचं एक टोक अ‍ॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.४ व्होल्टच्या वर. तळाचा पत्रा उघडा करून, रंग खरवडून, लग आणि वॉशरसकट वेगळा बोल्ट मारला, वर ग्रीस लावलं. रीडिंग ०.१ च्या आत आलं. त्याच बैठकीत टेपमधून अ‍ॅम्पला सिग्नल नेणारी आरसीए केबलही पॉवरच्या वायरीपासून काढून गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. शिट्टी गेली.

गेन लावणं हा भाग मालकांना सगळ्यात आवडला. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, टेपच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवण्याची सोय. ५० वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१ व्होल्ट एसी. स्पीकर सोडवून, टेप तीन चतुर्थांश आवाजावर ठेवून, ५० हर्ट्झचा टोन लावायचा आणि मीटर १४ दाखवेपर्यंत गेन वाढवायचा. साधा मीटर ५० हर्ट्झलाच खात्रीचं मोजतो. नंतर स्पीकर जोडून तोच टोन हलकासा ऐकवला तर म्हणाले, “हा तर आपला ट्रान्सफॉर्मर.” शेवटी ८० हर्ट्झचा हाय पास लावून दारातल्या स्पीकरवरचा खालच्या सुरांचा भार काढला.

निकाल

पैसे दुकानाच्या पॅकेजएवढेच लागले, थोडे जास्तच. स्वस्तात पडावं म्हणून कोणी घरी फिटिंग करणार असेल तर तो हिशोब जुळत नाही. मिळालं ते असं: महामार्गावर शब्द कळतात, आवाज फाटत नाही, आणि डॅशबोर्डमागे उघडं तांबं नाही. गाडी बंद करून बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर मालिकेत जोडला तर करंट ५० मिलिअँपिअरच्या आत, म्हणजे गाडी आठवडाभर उभी राहिली तरी सुरू होईल. (मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जातो.)

राहून गेलेली तिसरी गोष्ट जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात कळली. पुढच्या डाव्या पायदाणात पाणी. दाराच्या आतलं पातळ प्लास्टिक भाच्याने ‘पॅकिंग’ समजून फेकून दिलं होतं. काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पाणी खालच्या भोकांतून बाहेर जावं आणि आत झिरपू नये, एवढंच त्या प्लास्टिकचं काम. जाड प्लास्टिक कापून ब्यूटाइलच्या दोरीने पुन्हा चिकटवलं. तोपर्यंत मॅट वाळवायला दोन दिवस गाडीची दारं उघडी होती आणि घरातल्यांची बोलणी चालू होती.

वेगळं काय करता आलं असतं

मागचे स्पीकर मी बसवलेच नसते. या कुटुंबात मागे बसणारे बहुधा झोपतात, आणि चांगला आवाज पुढच्या दारांतूनच येतो. सगळा अडथळा, टेप तापण्यापासून मान आखडण्यापर्यंत, त्या दोन स्पीकरपायी आला. ते पैसे पुढच्या दारांच्या डॅम्पिंगवर, म्हणजे पत्र्याचा कंप मारण्यावर, लावले असते तर फरक जास्त कळला असता. मालकांचं मत वेगळं आहे. चार दारं असताना दोनच वाजली तर गाडी अर्धी वाटते, असं ते म्हणतात.

कापलेल्या कपलरच्या जागी भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा कपलर, थोडं शेपूट ठेवून, आणता आला असता. सोल्डरचे जोड पक्के आहेत, पण उद्या टेप बदलायचा तर पुन्हा कापाकापी आलीच.

शिट्टीच्या बाबतीत घाई झाली, त्यात मीही होतो. अर्थिंग आणि आरसीए दोन्ही एकदम बदलल्याने नेमकं कशाने गेलं हे आज कोणी ठामपणे सांगू शकत नाही. व्होल्टेजचे आकडे पाहता माझा कौल अर्थिंगला आहे. आधी तेवढंच करून इंजिन चालू करून ऐकायला हवं होतं. केबल हलवायला निम्मी गाडी पुन्हा उघडावी लागली, तो वेळही कदाचित वाचला असता.

आणि वायरीचा गेज. दिवाळीच्या सुट्टीत भाचा परत आला तो सबवूफरचा विषय घेऊनच. त्याला वेगळा मोनो अ‍ॅम्प लागेल, म्हणजे आणखी तीसेक अँपिअर. ८ गेज आणि ४० चा फ्यूज यांच्यात तेवढी जागा नाही. फ्यूज ६० चा टाकू, असं भाच्याचं म्हणणं होतं, आणि त्यावर मामांनी त्याला एमसीबीचा धडा पुन्हा ऐकवला. आधीच ४ गेज, म्हणजे २१ चौरस मिलिमीटर, टाकली असती तर काम सीटखालच्या डिस्ट्रिब्यूशन ब्लॉकवर भागलं असतं. आता पायदाण आणि इंजिनची भिंत पुन्हा उघडावी लागेल. सध्या त्यांनी बेस दोन घर वाढवून ठेवला आहे आणि सबवूफरचं उत्तर संक्रांतीच्या गड्डा यात्रेनंतर देणार आहेत.